टाचणी पडली

माझी वहिनी तोंडात टाचण्या धरून बोलते. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्या, उजव्या कोपऱ्यातून शब्द. नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा घाबरतं. जुन्यांना ठाऊक असतं की टाचण्या बाहेर काढल्यावर ती जे बोलते ते जास्त टोचतं. त्यामुळे तिचं नावच 'टाचणी' पडलं आहे. कारागीर बायका पाठीमागे म्हणतात, मी तोंडावर म्हणते. नणंदेला एवढा हक्क हवाच. ती मला 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करते. त्यात आदर वगैरे काही नाही. माणूस चार हात लांब उभं केलं की नेम चांगला लागतो, म्हणून.

ती कोट शिवते. लोकरीचे, अस्तराचे, आत ताठपणासाठी बकरम घातलेले, खांदे असे बसणारे की पोक आलेला माणूससुद्धा ताठ दिसावा. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि घरात शिकलेली एकटी मीच, याचा मला भारी तोरा होता. तिनं पहिल्याच आठवड्यात मला न विचारता माझा कोट उसवला आणि पुन्हा शिवला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. कोट मात्र टाकला नाही. तो अंगावर असा काही बसला होता की मला लाजेकाजेनं बोलावंच लागलं.

तिचं दुकान एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खोली मोठी, खिडक्या मोठ्या, उजेड असा की काळ्या कापडावर काळा दोरा दिसतो. मध्ये बेतायचं टेबल. ते टेबल सुट्या फळ्या वर नेऊन आतच जोडलेलं आहे. खाली आणायचं तर एक तर टेबल तोडा, नाही तर भिंत. तेव्हा दुकान खाली हलवायचा प्रश्नच येत नाही. वहिनी रोज सकाळी तो जिना चढते आणि संध्याकाळी उतरते, यावर तिचं सगळं उभं आहे: दुकान, हाताखालच्या दोघी बायका आणि तिचा तोरासुद्धा. तो माझ्या तोऱ्यापेक्षा काकणभर जास्तच आहे.

माझा भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. तो सगळ्यांना कळेल असा गेला. जेवता जेवता छातीवर हात, घामानं शर्ट ओला, खुर्चीवरून खाली. तेव्हापासून आमच्या घरात हृदयविकाराचं एक चित्र पक्कं बसलं. छातीत कळ येते, घाम फुटतो आणि ते पुरुषांना होतं. दुसरं कुठलं चित्र असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी वहिनीच्याच गल्लीत राहते. सकाळी वहिनीबरोबर दुकानात जाऊन खिडकीशी पेपर वाचते. उजेडही तिचा, चहाही तिचा. तर एके दिवशी पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. भिंतीला हात टेकला आणि जमिनीकडे बघायला लागली.

"वन्सं, थांबा. टाचणी पडली."

मी थांबले. ती बघत राहिली. मग म्हणाली, "सापडली," आणि चालू लागली. तिच्या हातात टाचणी मला दिसली नाही, पण मी कशाला बघत बसतेय?

पुढे टाचणी रोज पडायला लागली. आधी पहिल्या वळणावर, मग दुसऱ्याही. कोट शिवणारी बाई, जिच्या तोंडातली टाचणी शिंकतानासुद्धा पडत नाही! मी म्हटलं, "वहिनी, बोटं सैल झाली गं तुझी. म्हातारी झालीस." ती म्हणाली, "तुमच्यानंतर." मग एकदा थंड वारा सुटला होता, आम्ही जेवून निघालो होतो आणि सपाट रस्त्यावर तिची टाचणी पडली. रस्त्यावर! तोंडात तेव्हा टाचण्याच नव्हत्या.

"काय होतंय सांगणार आहेस का?"

"दाढ दुखते."

एवढंच. खालची डावी दाढ. कधी कधी ते दुखणं कानापर्यंत जातं, कधी खांद्यावर उतरतं. झालं, घरात दाढ आली. तिचा मुलगा म्हणाला, "आई, आयुष्यभर दातात टाचण्या धरल्यास, जबडा बोंबलणार नाही तर काय?" हे इतकं पटण्यासारखं होतं की सगळ्यांनाच पटलं. दुकानात काज करणारी बाई आहे, तिला सगळे काजबाई म्हणतात. तिनं लवंगेचं तेल आणून दिलं. वहिनीनं तेल लावलं, टाचण्या डावीकडून उजवीकडे नेल्या, दाढ दुखतच राहिली. शेवटी कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या दातवाल्याकडे गेली. त्याला एक किडकी दाढ सापडली. या वयात कुणाच्याही तोंडात सापडेल! त्यानं ती उपटली.

आणि दुखणं थांबलं. दाढ काढली म्हणून ती आठवडाभर घरी पडून होती, जिना नाही, काम नाही, आणि दुखणं गायब. मुलगा म्हणाला, "बघ." सून म्हणाली, "बघा." मीही बघितलं. ती पुन्हा दुकानात जायला निघाली आणि पहिल्याच वळणावर टाचणी पडली.

"शेजारची असणार," वहिनी म्हणाली. "तीही काढून टाकते. असल्या दाढा ठेवून करायचंय काय?"

म्हातारा दातवाला गावाला गेला होता. म्हणून आम्ही एका नव्या दवाखान्यात गेलो. तिथे दातांची डॉक्टरीण होती, माझ्या नातीच्या वयाची. वहिनी खुर्चीत आडवी झाली आणि तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "ही काढायची."

मुलीनं ठोकून पाहिलं, थंड फवारा मारून पाहिलं, फोटो काढला. "आजी, दाढ उत्तम आहे."

"असेल. काढा."

"चांगली दाढ कशी काढू?"

"चिमट्यानं."

मला हसू आलं. मुलीला नाही आलं. ती म्हणाली, "चावताना दुखते?" "नाही." "गरम पिताना? गार पिताना?" "नाही." "झोपेत?" "झोपेत मी झोपते." "मग दुखते कधी?"

"दुखते तेव्हा दुखते," वहिनी म्हणाली.

माझा धीर सुटला. दाताच्या खुर्चीत पडून कोडी घालणारी बाई मला सहन होत नाही. मी म्हटलं, "अगं, सरळ सांग की. जिन्यात दुखते तिची. रोज जिन्यात टाचणी पडली म्हणून भिंत धरून उभी असते, दुखणं थांबलं की टाचणी सापडते."

मुलीनं हातातला आरसा खाली ठेवला. "चढताना दुखते आणि उभं राहिलं की थांबते?"

वहिनीनं छताकडे बघितलं.

"आजी?"

"थांबते," वहिनी म्हणाली. "दोन मिनिटं उभं राहिलं की थांबते."

"दाढेला जिना कळत नाही, आजी," ती मुलगी म्हणाली. "दाढ बसल्या जागीसुद्धा दुखते. चढताना दुखतं आणि थांबलं की थांबतं, ते बहुतेक वेळा हृदयाचं दुखणं असतं. मी दाढ काढणार नाही. तुम्ही आज हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. उद्या नाही, आज. आणि तोवर बसल्या बसल्या दुखायला लागलं, किंवा थांबूनही थांबलं नाही, तर कुणाला विचारत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल."

"मी दाढ दाखवायला आले होते," वहिनी खुर्चीतून उठत म्हणाली, "काळीज नव्हे."

पण पायरी उतरताना तिनं माझा दंड धरला. एवढ्या वर्षांत तिनं कधी माझा दंड धरला नव्हता.

हृदयाची डॉक्टरही बाईच निघाली. शांत, चष्मेवाली, घाई नसलेली. म्हणजे माझ्या अगदी उलट. आधी कार्डिओग्राम काढला. तो चांगला आला. वहिनीनं लगेच पिशवी उचलली. "आली ना रेघ सरळ?"

"रेघ सरळ आली असती तर आपण बोलत नसतो," डॉक्टर म्हणाल्या. "बसा. हा कार्डिओग्राम आडव्या माणसाचा आहे. आडवं पडून तुमची दाढही दुखत नाही. दुखतं तेव्हा काय होतं, ते मला बघायचंय."

म्हणून तिला सरकत्या पट्ट्यावर चालवलं. छातीला वायरी, समोर पडदा, बाजूला एक तंत्रज्ञ उभा. पट्ट्याला चढ देतात, वेग वाढवतात. मी काचेतून बघत होते. पहिला टप्पा ठीक गेला. दुसऱ्यात वहिनीनं समोरचा दांडा घट्ट धरला, खाली बघितलं आणि म्हणाली, "थांबा हो, टाचणी पडली."

तंत्रज्ञ गोंधळून पट्ट्याखाली बघायला लागला. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी पट्टा थांबवला. पडद्यावर रेघा खाली बसल्या होत्या, मलासुद्धा कळाव्यात इतक्या.

मग मनगटातून बारीक नळी घालून, औषध सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. तीन मुख्य वाहिन्या आणि तिन्ही अरुंद झालेल्या. कुठली किती टक्के अरुंद, त्या आकड्यांचं जे झालं ते सांगते. फोन करणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला टक्के हवे होते. "किती टक्के?" "एक नव्वद." "अरे बापरे! आणि दुसरी?" वहिनी शेवटी फोन घेऊन म्हणाली, "तिन्ही विषयांत विशेष प्रावीण्य आहे. घराण्यात पहिल्यांदाच. पेढे पाठवा, मी खाऊ शकत नाही." तिला साखरेचा आजार पुष्कळ वर्षांपासून होता. घरी आलेल्या पाहुण्यासारखं तिनं त्याला वागवलं होतं. असेना का बापडा, कोपऱ्यात बसलाय.

डॉक्टरांनी तिला आणि मुलाला समोर बसवलं, मी न बोलावता बसले. त्यांनी कागदावर हृदय काढलं. म्हणाल्या, "हृदयात सतत रक्त भरलेलं असतं. पण ते रक्त हृदयाच्या स्नायूला वापरता येत नाही. ते दुसऱ्यांना पोचवायचं असतं. हृदयाला स्वतःसाठी रक्त मिळतं ते या बाहेरून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून."

"म्हणजे माझ्या दुकानात तागेच्या तागे आणि माझ्या अंगावर एकच जुना कोट," वहिनी म्हणाली.

"तसंच. आता त्या वाहिन्या अरुंद झाल्या. तुम्ही बसलेल्या असता तेव्हा आहे तेवढं रक्त पुरतं. जिना चढला की हृदयाला जास्त लागतं. ते मिळत नाही, म्हणून ते ओरडतं. थांबलात की गरज कमी होते, ते गप्प होतं."

"ओरडायचं तर छातीत ओरडावं. दाढेत कशाला?"

"हृदयाकडून येणाऱ्या नसा आणि जबड्याच्या, हाताच्या नसा वर जाताना जवळजवळ एकाच वाटेनं जातात. मेंदूला दार ओळखता येत नाही. बायकांच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं. कुणाची पाठ दुखते, कुणाला नुसता दम लागतो, कुणाला पित्त वाटतं."

मुलगा म्हणाला, "म्हणजे आत कचरा साचलाय? नळात साचतो तसा?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वाहिनीला आतून एक तलम अस्तर असतं. चरबी अस्तराच्या वर नाही बसत. ती अस्तराच्या मागे शिरते, भिंतीत."

वहिनी पुढे सरकली. कागद आपल्याकडे ओढला. "कापड आणि अस्तर यांच्यामध्ये?"

"हो."

"मग अस्तर आत फुगणार. बाही अरुंद होणार."

"बरोबर."

"आणि अस्तर उसवलं तर?"

"उसवलं, तर शरीराला वाटतं जखम झाली. ती बुजवायला तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी एकदम बंद होते. त्याला आपण अटॅक म्हणतो. कधी कधी आधी काहीच दुखलेलं नसतं."

वहिनीनं कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं.

"ह्यांचं उसवलं होतं," ती म्हणाली.

भाऊ गेल्यावर तिनं त्याच्या मरणाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आज तिला त्या मरणाची शिवण सापडली होती. तिचे डोळे भरले नाहीत, माझे भरले. मी खिडकीकडे बघितलं, तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बायपास करायचा असं ठरलं. तिन्ही वाहिन्या, त्यात साखर. औषधांवर आणि वाहिनीत बसवायच्या जाळीवर भागणार नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. आणि इथे मुलगा बोलला. तो वाईट नाही. बाप डोळ्यांदेखत खुर्चीवरून पडलेला त्यानं पाहिला आहे. पण त्या दिवशी त्यानं जे तोंड उघडलं ते नको तिथे.

"ऑपरेशन करू या. पण आई, त्यानंतर दुकान बंद. तो जिना बंद. टेबल तोडून विकून टाकू. पुरे झालं आता."

"मग ऑपरेशनही पुरे," वहिनी म्हणाली.

"म्हणजे?"

"खाली बसून माझी दाढ दुखत नाही. खालीच बसायचं असेल तर छाती कशाला फाडून घेऊ?"

"आई, तू हट्टी आहेस."

"आणि तू घाबरट. वडिलांवर नाही गेलास, माझ्यावरही नाही. आत्यावर गेलायस."

मी म्हटलं, "मला मध्ये ओढू नकोस." पण ऐकतंय कोण? शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "अहो, ऑपरेशन जिन्यासाठीच आहे. अटॅकचा धोका कमी व्हावा आणि त्या चढू शकाव्यात यासाठी. बसून राहण्यासाठी एवढा खटाटोप कोण करेल?" मग मायलेकरांत तह झाला. ऑपरेशननंतर तिनं हॉस्पिटलच्या व्यायामवर्गाला जायचं, त्या पट्ट्यावर पुन्हा चालायचं. दाढ न दुखता चालणं पार पडलं तर जिना तिचा. टाचणी पडली तर टेबल तोडायचं. दोघांनी मला साक्षीदार केलं, कारण एकमेकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

सर्जन मोठ्या देहाचे होते. बोटं मात्र बारीक, नखं अगदी कापलेली. वहिनी चेहऱ्याकडे न बघता बोटांकडेच बघत राहिली. त्यांनी समजावलं: छातीच्या आतली एक वाहिनी आणि पायातली एक शीर घेऊन अरुंद जागेच्या पुढे जोडायची, म्हणजे रक्ताला नवी वाट मिळते.

"दोरा कुठला?"

सर्जन हसले. "केसाहून बारीक असतो. भिंगाचा चष्मा लावून शिवतो आम्ही."

"टाका कुठला? उलटी टीप की धावदोरा?"

"धावदोराच म्हणा."

"धावदोरा सुटतो."

"आमचा नाही सुटत. शेवटी गाठी मारतो."

"एकावर एक?"

"एकावर एक. पुष्कळ."

वहिनीनं मान हलवली. "मग करा." मुलानं किती समजावलं होतं, मी किती ओरडले होते, ती तयार झाली ती गाठींवर.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यानं असा दिवस काढलाय त्याला सांगायला नको, आणि नाही काढला त्याला सांगून उपयोग नाही. घशातली नळी काढल्यावर, आवाज घोगरा असताना, वहिनीचं पहिलं वाक्य होतं, "शिवण दाखवा." आरसा आणावा लागला. सर्जन आले तेव्हा तिनं निकाल दिला, "छातीची झकास आहे. पायाची घाईत मारलीय."

सर्जन खदाखदा हसले. "पायाची माझ्या हाताखालच्यानं घातली."

"त्याला माझ्याकडे पाठवा. महिनाभर नुसती हातशिलाई देते."

आता कुणाला वाटेल की मग सगळं सुरळीत झालं. नाही झालं. छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं. खोकला आला की उशी उराशी धरून खोकायचं, काही जड उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत. भूक जाते, झोप जाते. असं मन उतरणं या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी वहिनीचं उतरलेलं मन बघायची मला सवय नव्हती. एका दुपारी मी गेले तर ती सुईत दोरा ओवत बसली होती. दोरा आत जाईना. तिनं सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, टेबल तोडायला सांगा त्याला."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "मी साक्षीदार आहे, निरोप्या नाही. पट्ट्यावर चाल, मग काय तोडायचं ते तोड. तुझ्यात दम नाही असं म्हणायचं असेल तर तसं म्हण, मी काजबाईला जाऊन सांगते. तिला कात्री हवीच आहे तुझी."

"माझी कात्री?" वहिनीनं मान वर केली. "तिला? तिला सरळ रेघेत कापता येत नाही."

"मग काय, रेघा वाकड्या."

तिनं सुई परत उचलली. माझ्या हातात काही दिलासा वगैरे नसतो. मला एवढंच येतं.

व्यायामवर्ग म्हणजे हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला एक लांब खोली. सगळे छाती शिवलेले. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक टॅक्सीवाला, एक जाडजूड दुकानदार, आणि त्यांत वहिनी. बायका कमीच, त्यांना घरचे पाठवत नाहीत, त्याही येत नाहीत, घरात काम असतं ना! आठवड्याभरात वहिनीनं सगळ्यांना रांगेला लावलं. मुख्याध्यापक खांदे पाडून चालायचे. "सर, खांदे वर. असा कोट बसत नाही माणसाला." दुकानदार खिशातून तळलेलं काही तरी काढून खायचा. वहिनीनं त्याच्या खिशाकडे नुसतं बघितलं, आणि त्यानं पुडी खिडकीबाहेर ठेवली. चालताना बोलता आलं पाहिजे, दम लागून बोलणं तुटलं तर वेग कमी करायचा, असा तिथला नियम. वहिनीचं बोलणं तुटण्याची वाट बघत बाकीचे दमून बसायचे.

हळूहळू रंग परत आला. दोरा सुईत जायला लागला. मग एक दिवस डॉक्टरांसमोर म्हणाली, "नव्या वाटा घातल्या ना? मग या मूठभर गोळ्या कशाला? मला आता काही होत नाही."

डॉक्टरांनी विचारलं, "कोटाच्या अस्तराला कसर लागली. तुम्ही तीन ठिकाणी ठिगळं लावलीत. कसर गेली?"

"छे! ती सगळ्या अस्तरात असते."

"मग?"

वहिनीनं गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकली. तेव्हापासून चुकवलेली नाही. साखरेलाही आता पाहुण्यासारखं वागवत नाही. घरातल्या उनाड पोरासारखी रोज हजेरी घेते.

परीक्षेच्या दिवशी तोच पट्टा, तोच तंत्रज्ञ. मुलगा रजा काढून आला होता, काचेशी नाक लावून उभा. मी त्याच्या शेजारी. पहिला टप्पा गेला. दुसरा सुरू झाला, चढ वाढला. मागच्या वेळी इथेच दांडा धरला होता तिनं. तिचा हात दांड्याकडे गेला. मुलानं माझं मनगट धरलं, इतकं जोरात की मी ओरडणारच होते. वहिनीनं दांड्यावर आलेली गुंतलेली वायर सरळ केली आणि हात परत घेतला. तिसरा टप्पा. घाम आला, श्वास वाढला, पावलं पडत राहिली.

तंत्रज्ञानं वाकून विचारलं, "आजी, टाचणी?"

"नाही पडली!" वहिनी ओरडली. तोंडात टाचण्या नसताना तिचा आवाज किती मोठा आहे, ते त्या मजल्यावर सगळ्यांना कळलं. "वाढवा अजून!"

पडद्यावरच्या रेघा नीट उभ्या होत्या. डॉक्टरांनी पट्टा थांबवला तो हसत. मुलगा माझं मनगट सोडून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला रुमाल दिला. म्हटलं, "नाक पूस आणि टेबलाला तेलपाणी कर. गंजलेत त्याचे खिळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या जिन्याशी उभ्या राहिलो. मुलगा मागे येतो म्हणाला. वहिनीनं त्याला ऑफिसला हाकललं. तळमजल्यावरच्या दुकानदारानं दार अर्धं उघडून बघितलं. वहिनी पायरी चढली. मग दुसरी. बोलत होती, अखंड. काजबाईनं म्हणे तिच्या गैरहजेरीत एका गिऱ्हाइकाला हातभर मोठ्या बाह्यांचा कोट दिला. गिऱ्हाईक म्हणे खूश होतं. असल्या गिऱ्हाइकाचं काय करायचं? पहिलं वळण आलं. तिनं भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरं आलं. तिचं बोलणं तुटलं नाही, एक शब्दही नाही. वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज झाला. काजबाई आणि दुसरी कारागीर कठड्यावरून वाकून ओरडत होत्या, "आल्या! टाचणी आल्या!" आणि मग काय बोललो ते लक्षात येऊन एकदम गप्प झाल्या.

"ऐकलं मी," वहिनी वर बघून म्हणाली, आणि चढत राहिली.

मी दुसऱ्या वळणावर होते. इतके महिने तिच्या पलंगाशी, बाकावर, वर्गाच्या दाराशी बसून बसून माझी चाल गेली होती. धाप लागली. मी भिंतीला हात टेकला. वर तिची पावलं थांबली.

"वन्सं? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "टाचणी पडली."

मग ती धाडधाड दोन पायऱ्या खाली आली आणि कठड्यावरून वाकली. "तुम्ही कधीपासून शिवायला लागलात? दुखतंय कुठे? जबडा? खांदा? पाठ?"

"गुडघा गं बाई, गुडघा! आणि दम."

"दम कशाचा ते तुम्ही नाही ठरवायचं. उद्या सकाळी माझ्याबरोबर त्या डॉक्टरीणबाईंकडे. पट्ट्यावर चालायचं. आणि दाढ-बिढ काही सांगितलंत ना, तर बघा."

"मला काही झालेलं नाही."

"मलाही नव्हतं झालं," वहिनी म्हणाली. "श्वास घ्या. घाई नाही. मी पुढे जाते, माझं टेबल वाट बघतंय."

ती गेली. मी पायरीवर बसले. वर दार उघडलं, बायकांचा गलका उठला, कुणी तरी रडलं, कुणी तरी हसलं, आणि वहिनीचा आवाज त्या सगळ्यांच्या वरून आला: "पुरे! माझी कात्री कुठाय? आणि हे कोणी बेतलंय? आंधळ्यानं?" मग टेबलावर ताग्याचा धप्प आवाज झाला. त्यानंतर लोकरीतून मोठी कात्री चालल्याचा, एका दमात, न थांबता, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी उठले. माझी टाचणी सापडली होती.